नदीवर आधी पिकनिक काढा, साफसफाई नंतर

आमच्या बोरिवली-दहिसर साइडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहिसर नदीच्या सफाईचे मेसेज येत असतात, रविवारी सकाळी सात, ग्लोव्ह्ज मिळतील, चहा-वडापाव आमच्याकडून. हौशी मंडळी जातात, गोण्या भरतात, फोटो टाकतात आणि पुढच्या आठवड्यात नदी जैसे थे. त्यांच्या मेहनतीला नावं ठेवत नाहीये, पण ज्या नदीकाठी माणूस कधी पाच मिनिटं निवांत बसलाच नाही तिच्यासाठी तो रविवारची झोप का मोडेल?

दहिसर नदी तुळशी तलावाकडून येते, संजय गांधी नॅशनल पार्कातून. जुलै-ऑगस्टमध्ये नॅशनल पार्कात जाऊन बघा, खडकांवरून खळाळतं पाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पोरं उभी, काठावर कुणाचा तरी थेपल्यांचा डबा उघडलेला. तिथे कुणाला 'नदी वाचवा' सांगावं लागत नाही. आणि हायवे ओलांडून आमच्याकडे आलात की पुलावर जाळी. परवा एका काकूंनी रिक्षा थांबवली, निर्माल्याची पिशवी जाळीच्या भोकातून ढकलली, अडकली तर छत्रीच्या टोकाने ढोसली, आणि मग हात जोडून नमस्कारही केला!! काकू वाईट नाहीत हो, वरून त्यांना फक्त काळं पाणी दिसतं.

ते काळं का, तर पाऊस संपला की शहरातल्या पट्ट्यात वाहतं ते बहुतेक सांडपाणी आणि तबेल्यांचं शेण. हे गोणीत भरता येत नाही. त्याला ड्रेनेज लाईन आणि प्रक्रिया केंद्रं लागतात, ते काम महापालिकेचंच, पण नगरसेवकाच्या मागे लागणार कोण? ज्याची संध्याकाळची बसायची जागा घाण होते तो लागेल. आपण तर भिंत बांधून नदी नजरेआड केली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, मिठी नदीचं पाणी कुर्ल्यात घराघरात शिरलं, ज्यांचा संसार तरंगला त्यांना भिंत हवीच, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण जिथे जागा आहे तिथे चार पायऱ्या, दोन बाकडी, एक दिवा एवढं तरी ठेवा की! गल्लोगल्ली मंडळं आहेत आपल्याकडे, दहीहंडीला अख्खी गल्ली उभी करतात, त्यांना काठाचा एक तुकडा द्या, कोजागिरीचं दूध तिथे आटवू दे (वास येईल म्हणता? येऊ दे, नाकाला झोंबला की दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात वीस माणसं जातील).

आणि प्लीज, लगेच 'झोपडपट्टीवाले घाण करतात' सुरू करू नका. आधी आपल्या टॉवरची ड्रेनेज लाईन नक्की कुठे जोडलीय ते सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. मी आमच्या जनरल मीटिंगमध्ये विचारलं तर विषय पार्किंगवर नेला. पुढच्या मीटिंगला परत विचारणार आहे, तुम्ही पण विचारा आणि काय उत्तर मिळतंय ते खाली कमेंटमध्ये टाका.