‘मधले दीडशे कोणाच्या खिशात?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मेंथा तेलाच्या, म्हणजे पुदिन्याच्या पाल्यातून काढलेल्या तेलाच्या, भावावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक शेतकरीपुत्र’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं, असं आधी वाटलं होतं. पण तिच्यातलं एक वाक्य बऱ्याच जणांना आवडलेलं दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो. वाक्य असं: ‘वायद्याच्या पडद्यावर किलोला हजार आणि गावात साडेआठशे, मधले दीडशे कोणाच्या खिशात जातात हे सांगायची हिंमत नसेल, तर दलालांची भाटगिरी तरी करू नका.’ आणि पुढे, ‘आयुष्यात कधी टाकीजवळ उभे राहिला आहात का?’ (वायदा म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवणारा बाजार; टाकी म्हणजे पाल्यातून वाफेने तेल काढायची टाकी.)

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. लेखात एके ठिकाणी मी ‘पेपरमिंट तेल’ लिहिलं, तिथे ‘मेंथा तेल’ हवं होतं. चूक माझी, दुरुस्त केली आहे. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी, चंदौसी, संभल, रामपूर, बदायूँ या पट्ट्यात होतो तो मेंथा आर्वेन्सिस, म्हणजे जपानी पुदिना. त्याच्या तेलात मेंथॉल, म्हणजे थंडावा देणारा घटक, ७० ते ८० टक्के असतं. पेपरमिंट म्हणजे मेंथा पिपेरिटा. त्यात मेंथॉल साधारण ३५ ते ५० टक्के, मेंथोन (पान पिकताना ज्याचं मेंथॉल होतं तो घटक) बरंच, आणि ते तेल स्वादासाठी विकलं जातं, गोठवून मेंथॉलचे खडे काढण्यासाठी नाही. दोन्हींचे बाजार वेगळे, भावही वेगळे. चूक दाखवल्याबद्दल आभार. ती दाखवताना ‘एवढंही कळत नसेल तर’ हे शब्द टाळता आले असते.

आता दीडशे रुपये. तुम्ही धरून चालला आहात की पडद्यावरचं एक किलो आणि गावातलं एक किलो ही एकच वस्तू आहे. ती तशी नाही. वायद्यात लॉट ३६० किलोचा असतो, माल चंदौसीत पोचता करायचा असतो, ठरलेल्या दर्जाचा, तपासलेला, ड्रममध्ये बंद केलेला. शिवाय तो भाव पुढच्या एखाद्या महिन्याचा असतो. गावातला माल म्हणजे वीस-तीस किलोचा प्लॅस्टिकचा कॅन, आज काढलेला, आतलं मेंथॉल किती ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेला.

मेंथॉलचाच हिशेब करू, कारण कारखानदार तेलाला नाही, त्यातून निघणाऱ्या खड्यांना पैसे देतो. तेल टप्प्याटप्प्याने थंड करत नेलं की मेंथॉलचे स्फटिक बसतात आणि वर राहिलेलं तेल निथळून काढतात. व्यापारात त्याला डीएमओ (डीमेंथोलाइज्ड ऑइल, मेंथॉल काढून घेतलेलं तेल) म्हणतात. सगळं मेंथॉल काही गोठून निघत नाही; डीएमओत ४०-५० टक्के राहतंच. ५० टक्के धरा. आता ७५ टक्के मेंथॉलचं १०० किलो तेल गोठवलं, तर ५० किलो खडे आणि ५० किलो डीएमओ. तेच तेल ६८ टक्क्यांचं असेल, तर खडे ३६ किलो आणि डीएमओ ६४ किलो. कागदावर करून बघा. मेंथॉल ७ टक्क्यांनी उतरलं आणि खडे १४ किलोंनी! अशी उतरण बांधावर दिसत नाही, कारण दोन्ही तेलांना वास सारखाच येतो.

भाव घालू. केवळ उदाहरणासाठी खडे १२०० रुपये किलो आणि डीएमओ ८०० धरा. पहिल्या १०० किलोंचे झाले १,००,०००, म्हणजे किलोला हजार. दुसऱ्याचे ९४,४००, म्हणजे ९४४. त्यात २ टक्के पाणी असेल तर अजून सुमारे १९ रुपये गेले. उरले ९२५. म्हणजे तुमच्या दीडशेतले पंचाहत्तर कोणाच्याच खिशात गेले नाहीत. ते तेलात नव्हतेच.

का नव्हते? इथे ‘टाकीजवळ उभे राहिला आहात का’ याचंही उत्तर येतं. तेरा हंगाम टाक्यांवर मोजमापं घेण्यात गेले, आणि दलाली एका किलोचीही केलेली नाही. पण माझा दाखला बाजूला ठेवा, प्रक्रियाच बघा.

कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं. पान पिकत जातं तसं त्याचं मेंथॉल होतं. लागवडीपासून १०० ते १२० दिवसांनी, खालची पानं पिवळी पडून गळू लागली की कापणीची वेळ. भाताला रान मोकळं करायचं म्हणून किंवा पावसाच्या धास्तीने १०-१५ दिवस आधी कापलं, तर वजन भरपूर दिसतं आणि मेंथॉल उतरतं. उशीर केला तर पानं गळतात, आणि तेल असतं पानात. काडीत जवळजवळ नाहीच. कापल्यावर पाला काही तास पसरून सुकवायचा. त्याने टाकीत जास्त माल बसतो आणि इंधन वाचतं. पण ओला ढीग रात्रभर रचून ठेवला तर आतून तापतो, पानं काळी पडतात आणि तेल तिथेच जातं.

टाकी भरताना पाला सगळीकडे सारखा दाबायचा. एका बाजूला सैल राहिला तर वाफ तिथूनच वाट काढते आणि बाकीचा पाला कोराच राहतो. आणखी एक चूक सर्रास होते आणि सर्वांत महाग पडते: टाकी भाड्याची, मागे रांग, त्यामुळे धार बारीक झाली की आग ओढून घेतात. आधी येतात ते हलके घटक आणि मेंथोन. मेंथॉलचा भर शेवटच्या धारेत असतो. अर्धा-पाऊण तास वाचवायला जाता आणि नेमकं ज्याला भाव आहे तेच पाल्याबरोबर उकिरड्यावर टाकता. वाफ थंड करणाऱ्या कॉइलभोवतीचं पाणी बदललं नाही तर बाहेर येणारी धार गरम राहते. टाकीभोवती घमघमाट सुटतो तो तुमच्याच तेलाचा. लोखंडी टाकी गंजलेली असली की तेल लालसर उतरतं. तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून काढलेलं तेल लगेच कॅनमध्ये भरलं तर त्यात पाणी राहतं. ते एक दिवस स्थिर ठेवून तळाचं पाणी काढायचं, निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळायचं आणि कॅन काठोकाठ भरायचा. यातलं काहीही दलाल करत नाही, महाशय.

आता उरलेले पंचाहत्तर. त्यात ड्रम, वाहतूक, आडत, मालात अडकलेल्या पैशाचं व्याज आणि व्यापाऱ्याचा नफा आहे. नफा नाही असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. गावातला खरेदीदार तीस किलोच्या कॅनची जीएलसी तपासणी (तेलात कोणता घटक किती टक्के ते सांगणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करत नाही. तो सरासरी धरतो, आणि कोणी डीएमओ मिसळून आणलं असेल त्याची भीतीही त्या सरासरीत घालतो. म्हणून ६८ टक्केवाल्याला थोडं जास्त मिळतं आणि ७८ टक्केवाल्याला बरंच कमी. अन्याय आहे, मान्य. पण हा अन्याय चांगलं तेल काढणाऱ्यावर होतो, सगळ्यांवर सारखा नाही. ‘लूट’ म्हटलं की हाच फरक पुसला जातो.

यावर उपाय आहे आणि तो लेखात होता. तुमच्या रागात तो वाचायचा राहिला असावा. एकराला तेल निघतं साधारण ४० ते ६० किलो. १८० किलोचा ड्रम भरायला साडेतीन-चार एकर लागतात, जे एकट्याकडे बहुधा नसतात. तेव्हा एकच वाण, एकच कापणी असलेल्या चार-पाच जणांनी तेल एकत्र करायचं. कोसी आणि दुसरा कुठला वाण एका ड्रममध्ये ओतायचा नाही. पहिल्या आणि दुसऱ्या कापणीचं तेलही वेगळं ठेवायचं. ड्रम ढवळून वरचा, मधला, खालचा असा नमुना घ्यायचा, जीएलसी करून अहवाल हातात घेऊन बोलणी करायची. सौदा सरसकट किलोवर न करता मेंथॉलच्या टक्क्यावर मागायचा. व्यापारी नाही म्हणेल. एका कॅनला म्हणतो तितक्या सहज तपासलेल्या ड्रमला म्हणणार नाही.

बाकी मुद्द्यांबद्दल थोडक्यात. कृत्रिम मेंथॉलचा उल्लेख मी मुद्दाम टाळला, असा तुमचा आरोप आहे. टाळला नाही, तो त्या लेखाचा विषय नव्हता. जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये सिट्रालच्या (कृत्रिम मेंथॉलच्या कच्च्या मालाच्या) कारखान्याला आग लागली तेव्हा इथल्या तेलाचा बाजारही तापला होता, हे मला ठाऊक आहे. हमीभावावर वाद घालायचा असेल तर आधी दर्जा कोणता धरायचा ते सांगा; ६८ टक्क्यांना आणि ७८ टक्क्यांना एकच हमीभाव देणार असाल तर वर लिहिलेलं सगळं वाया गेलं. कराचं म्हणाल तर नोंदणी नसलेल्याकडून मेंथा तेल घेताना जीएसटी भरण्याची जबाबदारी ऑक्टोबर २०२१ पासून नोंदणीकृत खरेदीदारावर आहे. ‘कर कापून घेतला’ असं सांगून कोणी भाव पाडत असेल तर कागद मागा.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा कृपया चार गोष्टी सोबत द्या: वाण कोणता, कितव्या दिवशी कापलं, टाकी किती वेळ चालली आणि जीएलसीचा आकडा काय आला. मग तुमच्या साडेआठशेबद्दल बोलता येईल. ‘भाटगिरी’ हा शब्द मी प्रतिक्रियेतून काढलेला नाही. तुम्हाला काढायचा असेल तर संपादनाची सोय आहे.