‘गुपचूप पेपर टाका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच मेसेज आठवड्यात तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: आयटीला कामगार कायदा लागू नाही. तुम्ही इंजिनिअर आहात, कामगार नाही. ऑफर लेटरमधल्या नोटीस पिरियडचा पगार दिला की कंपनी मोकळी. कोणाला काढायचं ही तिची मर्जी. नव्या लेबर कोडनंतर तर 300 माणसांपर्यंत विचारणारंच कोणी नाही. तेव्हा एचआरने बोलावलं की वाद न घालता पेपर टाका, म्हणजे राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ ठेवा, रिलीव्हिंग लेटर घ्या आणि पुढे चला.

लिहिणारा वाईट माणूस नसावा, घाबरलेला असावा. पण शेवटचा सल्ला लाखाच्या हिशेबात महाग पडतो, म्हणून हे लिहितोय.

आयटीला कायदा नाही, या समजाचं मूळ बहुधा कर्नाटकात आहे. तिथल्या सरकारने आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट दिली आणि ती वेळोवेळी वाढवली. स्थायी आदेश म्हणजे कामाच्या वेळा, रजा, शिस्तभंगाची कारवाई यांची नियमावली. सूट होती ती तेवढ्यापुरती. माणसं काढण्याचे नियम होते ते 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, आणि त्याचा या सुटीशी संबंध नव्हता. तमिळनाडू सरकारने तर 2016 मध्येच स्पष्ट केलं होतं की हा कायदा आयटीवाल्यांनाही लागू आहे, त्यांना युनियनही काढता येते.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली (मेसेजमधल्या ‘नव्या लेबर कोड’पैकी एक), पण कामगार कोण याचा गाभा तोच राहिला: अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा. ‘तांत्रिक’ हा शब्द व्याख्येत छापलेला आहे, कोणा युनियनवाल्याने घुसडलेला नाही. बाहेर राहतात ते मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारे आणि देखरेखीचं काम करून महिना 18,000 रुपयांच्या वर वेतन घेणारे. दिवसभर कोड लिहिणारी, टेस्टिंग करणारी, रात्रपाळीत तक्रारींची तिकिटं बंद करणारी माणसं कुठल्या बाजूला पडतात ते तुम्हीच बघा.

‘पण माझ्या आयकार्डावर मॅनेजर लिहिलंय.’ लिहिलेलं असू दे. सीबा गायगी या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगितलं की पदाचं नाव नाही, माणसाचं मुख्य काम बघायचं. चेन्नईच्या कामगार न्यायालयात टीसीएसच्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत हाच वाद झाला आणि 2022 मध्ये त्याला परत घेण्याचा आदेश निघाला. काढलं होतं 2015 मध्ये. ही सात वर्षं मी लपवणार नाही. न्यायालयाचा रस्ता असाच लांबचा आहे. आणि जो खरोखर माणसं नेमतो, बजेट मंजूर करतो, अप्रेझल ठरवतो, त्याला ही कलमं नाहीत, त्याला त्याचा करारच. ‘तुम्ही कामगार नाही’ हे खरं आहे ते एवढ्यापुरतंच.

बरं, आपण सर्रास ‘लेऑफ’ म्हणतो, पण आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरतं बंद, माणूस मात्र हजेरीपटावर. कायमचं काढणं ही कामगार कपात. एचआरच्या मेलमध्ये यातला कुठला शब्द आहे, की दोन्ही टाळून ‘ट्रान्झिशन’ वगैरे काही आहे, ते जरूर बघा.

नोटीस पिरियडचा पगार दिला की कंपनी मोकळी? वर्षभर सलग सेवा झालेल्याला कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढं वेतन द्यावं लागतं. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून, वरचे सहा महिन्यांहून जास्त असतील तर तेही वर्ष धरून. ऑफर लेटरमध्ये काहीही लिहिलं तरी हे खाली येत नाही.

मर्जीचं म्हणाल, तर एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांत जो शेवटी आला तो आधी जातो, असा सर्वसाधारण नियम आहे. दुसऱ्याला काढायचं तर कारण नोंदवावं लागतं. वर्षभरात तीच जागा पुन्हा भरायची झाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं.

300 चा आकडा खरा आहे, पण तो कारखाने, खाणी आणि मळ्यांचा. तिथे सरकारची पूर्वपरवानगी लागते ती 300 कामगारांपासून. आधी ही मर्यादा 100 होती. आयटीच्या ऑफिसला परवानगीचं कलम तेव्हाही नव्हतं, आताही नाही. नोटीस आणि भरपाई मात्र माणसं 300 असोत की 30, लागूच.

आता राजीनामा. माझ्या एका मित्राला हिंजवडीत दुपारी चार वाजता छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरची मुलगी अगदी गोड बोलत होती. ‘सर, तुम्हीच पोर्टलवर टाका ना, सहा वाजता ॲक्सेस जाईल.’ त्याने लॅपटॉप उघडला. राजीनाम्याचं कारण निवडायची यादी होती: चांगली संधी, उच्च शिक्षण, लग्न, वैयक्तिक कारण. ‘कंपनीने सांगितलं’ हा पर्याय नव्हता. त्याने ‘वैयक्तिक’ निवडलं.

त्या एका क्लिकने कपातीची झाली स्वेच्छेने सोडलेली नोकरी, आणि भरपाई गेली. वर कंपनी म्हणाली, चार लाखांचं पॅकेज देतोय. पॅकेज उघडून बघितलं तर त्यात निम्म्याहून जास्त ग्रॅच्युइटी होती, जी पाच वर्षांनंतर राजीनामा देणाऱ्यालाही मिळतेच.

हिशेब सोपा आहे. कायद्याच्या व्याख्येतलं वेतन महिना 60,000 आणि सेवा सात वर्षं आठ महिने धरा, म्हणजे आठ वर्षं. कपातीची भरपाई 2,40,000. पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांसाठी कंपनीने भरायचा निधी) आणखी 15 दिवसांचे 30,000. नोटिशीचे 60,000 वेगळे. ग्रॅच्युइटी सुमारे 2,77,000, तीही वेगळी. कंपनीचा आकडा याच्या वर असेल तर खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. पण आधी कागदावर मांडून बघा.

आणि ‘रेकॉर्ड’? कपात ही शिक्षा नाही. गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा तर आरोप लेखी द्यावे लागतात, चौकशी करावी लागते. ते न करता ‘परफॉर्मन्स’ म्हणून एका दुपारी बाहेर काढलं, तर तीही कपातच, असा युक्तिवाद कायद्याच्या व्याख्येवर भक्कम उभा राहतो.

मित्राने त्याच रात्री स्वतःच्या जीमेलवरून एचआरला चार ओळी लिहिल्या: आज अमुक वाजता अमुक जणांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी स्वतःहून दिलेला नाही. वकिलाने नंतर फाइलमध्ये सर्वांत वर तीच मेल लावली. कामगार आयुक्तालयात अर्ज केला, दोन तारखा झाल्या, तिसरीच्या आधी कंपनीने भरपाई वेगळी दाखवून नवा हिशेब पाठवला. मागितली त्यापेक्षा कमी होती. त्याने घेतली. घराचा हप्ता थांबत नव्हता.

एक राहिलं. ‘फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशेबाला) 45 दिवस लागतात’ हेही त्याच ग्रुपवर कोणीतरी ठासून सांगितलं होतं. वेतन संहितेप्रमाणे (हाही नव्या कोडपैकीच एक) काढलेल्याचं किंवा राजीनामा दिलेल्याचं बाकी वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं, आणि ग्रॅच्युइटी तिच्या वेगळ्या नियमाप्रमाणे 30 दिवसांत. 45 दिवस ही कंपन्यांची सवय आहे.