रिचमंडच्या तुरुंगातले कमोड आणि माझं सर्टिफिकेट

गेले दहा दिवस आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक फॉर्म पडून आहे. बायको रोज तो उचलून फ्रिजवर ठेवते, मी रोज परत खाली घेतो. आज ठरवलंय की भरायचा नाही. का नाही, ते इथे लिहितो. कारण आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सरकारी कामांत वंचितांना वाटा देण्याच्या विषयावर जे बोललं जातं, ते वाचून मला गप्प बसवत नाही.

मी व्हर्जिनियात रिचमंड शहराला लागून असलेल्या हेनरायको काउंटीत राहतो. माती आणि काँक्रीट तपासण्याची माझी छोटी फर्म आहे. सात माणसं, दोन पिकअप, आणि सिलिंडर तोडायचं एक मशीन. (काँक्रीटची ताकद तपासायला आपल्याकडे नमुन्याचे क्यूब भरतात, इथे सिलिंडर. सात दिवसांनी एक तोडायचा, अठ्ठावीस दिवसांनी दोन.) रस्ते, पूल, विमानतळ अशा फेडरल पैशाच्या कामांत काही टक्के काम ‘वंचित’ उद्योजकांना मिळावं म्हणून इथे डीबीई नावाची योजना आहे. त्यात नोंदणी केली तेव्हा अर्जावर एक चौकोन होता: सबकॉन्टिनेंट एशियन अमेरिकन. तिथे खूण केली, आपली संपत्ती मर्यादेच्या आत असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि धंद्याचे कागद जोडले की तुम्ही सामाजिकदृष्ट्या वंचित आहात असं सरकार गृहीत धरायचं. काय सोसलं, कुणी अडवलं, हे विचारायचं नाही. मी खूण केली. सर्टिफिकेट आलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये फेडरल वाहतूक खात्याने हे गृहीतक काढून टाकलं. आता प्रत्येकाने स्वतःची हकीकत लिहून वंचितपणा सिद्ध करायचा, आणि तोही वंशाचा आधार न घेता. टेबलावरचा फॉर्म तो आहे.

बातमी आली त्या दिवशी ग्रुपवर दोन गट पडले. एक म्हणाला, बरं झालं, मेरिटवर होऊ दे. दुसरा म्हणाला, आपल्यावर अन्याय. गंमत करत नाही, पण पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांकडे स्वतःचं सर्टिफिकेट आहे, हे मला ठाऊक आहे. आणि या सगळ्या चर्चेत ज्या माणसांसाठी ही व्यवस्था उभी राहिली, त्यांचा उल्लेख एकदाही आला नाही.

मी ज्या शहराच्या कडेला राहतो, त्याच शहरात या वादाचा मोठा खटला झाला. १९८३ साली रिचमंडच्या नगर परिषदेने ठराव केला: शहराचं बांधकाम घेणाऱ्या मुख्य ठेकेदाराने रकमेच्या किमान ३० टक्के काम अल्पसंख्य मालकांच्या फर्मना द्यायचं. आपल्या भाषेत, पेटी कॉन्ट्रॅक्ट (पोट-ठेका) त्यांना द्यायचं. शहरात निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची. आणि मागच्या पाच वर्षांत शहराच्या बांधकामाची मुख्य कंत्राटं अल्पसंख्य फर्मना किती मिळाली होती? ०.६७ टक्के. शंभर रुपयांत सत्तर पैसेसुद्धा नाहीत. हे शहर अमेरिकन यादवीत गुलामगिरी राखण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेची राजधानी होतं. शॉको बॉटम या भागात माणसांचा बाजार भरायचा. तिथून मी आठवड्यातून दोनदा गाडीने जातो.

त्याच वर्षी शहराच्या तुरुंगात स्टेनलेस स्टीलची मुतारी आणि कमोड बसवायची निविदा निघाली. ओहायोची क्रोसन नावाची कंपनी एकटीच भरणारी. ३० टक्क्यांची अट पूर्ण करायला तिने इथल्या एका कृष्णवर्णीय पुरवठादाराला विचारलं. त्याला वेळेत दर देता आला नाही, कारण मालाची एक कंपनी त्याला म्हणाली की आधी तुमची पत तपासू, किमान तीस दिवस लागतील. शेवटी त्याने दर दिला तो क्रोसनने धरलेल्या आकड्यापेक्षा ६,१८३ डॉलरने जास्त निघाला. क्रोसनने त्या अटीतून सूट मागितली, शहराने नाकारली, फेरनिविदा काढायचं ठरवलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराचा नियम रद्द केला.

मी त्या निकालातलं बरंच वाचलंय. सगळे ०.६७ वर भांडतात. मी त्या तीस दिवसांशी अडकतो. एका माणसाकडे धंदा आहे, गिऱ्हाईक समोर उभं आहे, आणि त्याला उधारीवर माल मिळत नाही. का मिळत नाही? कारण पूर्वी मोठं काम केलेलं नाही. का केलेलं नाही? कारण माल आणि बॉण्ड मिळत नव्हता.

बॉण्ड म्हणजे काय ते धंद्याबाहेरच्यांसाठी सांगतो. इथे सरकारी काम घ्यायचं तर एखाद्या विमा कंपनीने तुमची हमी घ्यावी लागते, की हा माणूस मध्येच पळाला तर आम्ही भरून देऊ. ती कंपनी तुमचे मागच्या काही वर्षांचे ताळेबंद बघते, बँकेची पत बघते, आणि छोट्या धंद्यात शेवटी तुमचं राहतं घर बघते. आता रिचमंडमधल्या कृष्णवर्णीयाचं घर कुठे होतं? जॅक्सन वॉर्डात. कृष्णवर्णीयांच्या बँका, दुकानं, थिएटरं यांनी गजबजलेली वस्ती. मॅगी वॉकर या बाईंनी १९०३ मध्ये तिथे पेनी सेव्हिंग्ज बँक काढली, धुणंभांडी करणाऱ्या बायकांची नाणी गोळा करून लोकांना घरं घ्यायला कर्ज दिलं. १९३० च्या दशकात सरकारी नकाशावर या भागाला लाल रंग लागला, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. आणि १९५० च्या दशकात त्या वस्तीच्या मधून हायवे काढला, आजचा आय-९५. शेकडो घरं पाडली. ज्या घरावर पुढच्या पिढीला बॉण्ड मिळाला असता ते घरच गेलं. कर्ज नाकारणारं सरकार, रस्ता काढणारं सरकार, आणि नंतर निविदेच्या टेबलावर ‘सगळे समान, सर्वात कमी दर’ म्हणणारंही सरकार.

निकालपत्रात न्यायमूर्ती ओकॉनर यांनी म्हटलं की रिचमंडच्या बांधकाम धंद्यात भेदभाव झाल्याचा नेमका पुरावा शहराने आणला नाही. वस्तीच्या टक्केवारीशी कंत्राटांची तुलना करून भागत नाही, पात्र ठेकेदार किती आहेत ते बघायला हवं. हा मुद्दा तर्काला धरून आहे हे मी मान्य करतो. पण पात्र होण्याची वाटच बंद असताना पात्र माणसं मोजायची, हे मला पटत नाही. न्यायमूर्ती मार्शल यांनी विरोधी मत नोंदवलं, मी त्यांच्या बाजूचा आहे.

मात्र ओकॉनर यांचा एक मुद्दा मला गेली कित्येक वर्षं टोचतो, कारण तो माझ्याबद्दल आहे. रिचमंडच्या यादीत कोण होतं? कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक, ‘ओरिएंटल’ म्हणजे पूर्व आशियाई, इंडियन म्हणजे मूळ अमेरिकन आदिवासी, आणि अलास्काकडचे एस्किमो आणि अल्यूट. ओकॉनर म्हणाल्या, रिचमंडमध्ये एस्किमो किंवा अल्यूट कधी राहिलेही नसतील. आणि वर, मालक देशात कुठलाही असला तरी चालत होता. म्हणजे ज्या शहराने ज्या लोकांचं नुकसान केलं, त्यांचं नाव मोठ्या यादीत विरघळून गेलं. कोर्टाने त्यावर बोट ठेवलं आणि नियम उसवत नेला.

त्या यादीत आपण नव्हतो. आपण फेडरल यादीत आलो, १९८२ मध्ये, भारतीयांच्याच संघटनेने अर्ज करून. मी १९९० च्या दशकात सांगलीच्या वालचंदमधून सिव्हिल केलं, नोकरीच्या व्हिसावर आलो. पहिली नोकरी गोऱ्या माणसाने दिली, पहिलं कर्ज बँकेने तीन आठवड्यांत दिलं. मला नावावरून, उच्चारावरून लोक बोललेत, साइटवर एका सुपरवायझरने माझ्यासमोर माझ्या ज्युनिअर गोऱ्या सहकाऱ्याशीच बोलायचं ठरवलं होतं. त्याचा राग मला आजही येतो. पण या शहराने माझ्या आजोबांचं घर पाडलं नाही. माझ्या वडिलांना युनियनच्या दारातून परत पाठवलं नाही. मी त्याच रांगेत उभा राहिलो आणि जिथे काम मिळालं, तिथे कधी कधी माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाचं गेलं. ठेकेदाराला त्याची टक्केवारी भरायची असते. ती माझ्याकडून भरली की त्याचं काम झालं.

बिडच्या दिवशी दुपारी फोन येतात तेव्हा हे फार जवळून दिसतं. दोनला निविदा बंद होणार, साडेबाराला मुख्य ठेकेदाराचा माणूस विचारतो, किती टक्के दाखवू तुमच्या नावावर? एकदा एकाने सरळ सांगितलं, तुम्ही फक्त बिलं पाठवा, काम आमची माणसं करतील, पाच टक्के तुमचे. मी नाही म्हटलं. पण तो माणूस माझ्यानंतर दुसऱ्या कुणाला फोन करणार नाही असं थोडंच आहे. शिकागोत एका गोऱ्या कुटुंबाने आईला कागदावर मालक दाखवून महिला आणि अल्पसंख्यांसाठीची जवळपास दहा कोटी डॉलरची कामं लाटली होती, २००५ मध्ये गुन्हा कबूल केला. आपल्याकडे हे कुणाला नवीन नाही. लहान कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुल्या निविदा यांत ठरावीक प्रमाणात वाटायची महाराष्ट्राची पद्धत आहे. माझ्या एका मामाने बेरोजगार अभियंता म्हणून तिच्यातून पहिली शाळाखोली बांधली, एम.बी.वर, म्हणजे मोजमाप वहीत, स्वतःची मोजमापं लिहिली आणि त्यावरच उभा राहिला. त्याच तालुक्यात एका मजूर संस्थेचे मजूर कधी फावडं न धरलेले होते. म्हणून पद्धत बंद करा असं मामा कधी म्हणाला नाही. तो म्हणायचा, साइटवर येऊन बघा कोण काम करतंय.

आता लोक म्हणतात, वंश सोडा, स्थानिकांना प्राधान्य द्या, त्यात भांडण नाही. आहे, बरंच आहे. बोस्टनमध्ये महापौरांनी हुकूम काढला होता की शहराच्या पैशाने होणाऱ्या कामावर निम्मे कामगार बोस्टनचे रहिवासी हवेत. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या कॅमडेनचा ४० टक्क्यांचा तसाच नियम कोर्टात आला, तेव्हा कोर्ट म्हणालं की दुसऱ्या राज्याच्या नागरिकांवर अन्याय होतो का ते तपासावं लागेल. आणि फर्मचा पत्ता हा तर फारच फसवा निकष आहे. व्हर्जिनियात शहर आणि काउंटी पूर्ण वेगळ्या. माझं ऑफिस शहराच्या हद्दीपासून पाच मैलांवर, म्हणजे मी परका. पण उद्या शहरात भाड्याची एक खोली घेऊन पाटी लावली की मी स्थानिक. उलट शहरातल्या छोट्या कृष्णवर्णीय प्लंबरची निम्मी कामं काउंटीत असतात. काउंटीनेही हाच नियम केला तर पहिला मरणार तो.

मला विचाराल तर कामगार कुठे राहतो हे बघा, मालकाची पाटी बघू नका. काम तुकड्यांत काढा, म्हणजे दोन कोटीच्या बॉण्डची गरजच पडणार नाही. छोट्या कामाला बॉण्ड माफ करा. आणि पेटीवाल्याचं बिल तीस दिवसांत द्या. मी नव्वद-नव्वद दिवस थांबलोय, पगारासाठी क्रेडिट कार्ड वापरलंय. ज्याच्या मागे घर नाही तो असा थांबूच शकत नाही. पण एवढं करून वंशाचा प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही. या शहरावर ज्यांचं देणं आहे ते नाव घेऊन मान्य करावं आणि नाव घेऊनच फेडावं. २०२० मध्ये मॉन्युमेंट अव्हेन्यूवरचे यादवीतल्या दक्षिणेच्या सेनापतींचे पुतळे उतरवायचं काम घ्यायला ठेकेदार पुढे येत नव्हते. शेवटी घेतलं ते एका कृष्णवर्णीय मालकाच्या कंपनीने. तेव्हा पात्रता, अनुभव, ताळेबंद यांची चर्चा कुणी केलेली मला आठवत नाही.

सर्टिफिकेट सोडल्यावर माझं साधारण एक तृतीयांश काम जाईल. हिशेब मांडून बायकोला दाखवलाय. ती दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, एक पिकअप विकूया.

काल संध्याकाळी माझे एक जुने स्नेही आले होते. सत्तरीला आलेले कृष्णवर्णीय गृहस्थ, ड्रेनेजचं काम करतात, मला धंद्यात बरंच शिकवलंय. त्यांनाही तोच फॉर्म आला आहे. टायपिंग जमत नाही म्हणून माझ्याकडे. एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी कागद आणले होते: जुने परवाने, बँकेने कर्ज नाकारल्याची दोन पत्रं, वडिलांचा फावडं हातात घेतलेला फोटो. वंशाचा आधार न घेता लिहायचं, हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग त्यांनी जॅक्सन वॉर्डातला एक पत्ता सांगितला, घर नंबरासकट. तिथे आता हायवेचा खांब आहे. मी विचारलं, हे कुठल्या रकान्यात घालू? ते म्हणाले, तूच बघ. मी तो पहिल्या ओळीत टाइप केला आणि पुढचा चहा टाकायला उठलो.