आय३८६ उखडून टाका म्हणे!

व्हॉट्सॲपवर सध्या एक 'रामबाण' फिरतोय. उबुंटू ही लिनक्स प्रणाली अपडेट करताना 'ही रिपॉझिटरी आय३८६ला सपोर्ट करत नाही' (म्हणजे सॉफ्टवेअरच्या या भांडारात ३२ बिट प्रोसेसरसाठीचं काही नाही) असं दिसलं की तीन कमांड मारायच्या: ॲप्ट या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या याद्या पुसा, आय३८६ची सगळी पॅकेजेस '-वाय' (न विचारताच 'हो') लावून पर्ज करा, म्हणजे सेटिंगसकट काढा, मग डीपीकेजी या ॲप्टच्या खालच्या साधनाला ते आर्किटेक्चरच (प्रोसेसरचा प्रकार) काढायला सांगा, ऐकलं नाही तर फोर्स. वर मल्लिनाथी, '३२ बिट मेलं, ठेवून काय लोणचं घालायचंय?' माझ्या मेव्हण्यानं हे जसंच्या तसं पेस्ट केलं आणि दुकानातला प्रिंटर बंद पाडून घेतला.

मुळात ही एरर नाहीच. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर वाचायला काय जातं? ई म्हणजे एरर, डब्ल्यू म्हणजे वॉर्निंग, एन म्हणजे नुसती सूचना. इथे एन असतो. ॲप्ट एवढंच सांगतंय की अमुक रिपॉझिटरीत ३२ बिटची यादी नाही, ती सोडून पुढे गेलो. लिनक्सवरचं ३२ बिट क्रोम गूगलनं २०१६ सालीच बंद केलं, मग त्याची यादी येणार कुठून?

आता तो पर्ज. आय३८६ची पॅकेजेस मशीनमध्ये उगाच घुसत नाहीत. वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं), स्टीम (गेम्सचं दुकान) किंवा प्रिंटरचा जुना ड्रायव्हर बसवताना ती आलेली असतात. काय काय उडणार याची यादी दाखवून ॲप्ट एरवी परवानगी मागतं. '-वाय'मुळे तेही थांबणं गेलं. मेव्हण्याच्या ॲप्टचा हिस्टरी लॉग उघडला, तर 'पर्ज' शब्दापुढे ':आय३८६' शेपटीवाल्या लायब्ररींची रांग आणि त्यातच प्रिंटरचा ड्रायव्हर! असला सल्ला '-वाय'सकट वाटणाऱ्याला काय म्हणावं?

फोर्सची तर कमालच. डीपीकेजीच्या मॅन पेजवर, म्हणजे माहितीपानावर, स्वच्छ लिहिलंय: आर्किटेक्चर डेटाबेसमध्ये वापरात असेल, तर ते काढायला नकार मिळेल. पर्ज नीट झाला असेल तर फोर्स लागतच नाही. लागला, तर काहीतरी अजून बसलेलं आहे, आणि नेमकं तेव्हाच तो वापरायचा नसतो.

याद्या पुसल्यानं बिघडत काही नाही, सुधारतही नाही. पुन्हा डाउनलोड, पुन्हा तीच सूचना.

'३२ बिट मेलं' हे अर्धं खरं, मान्य. उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनच्या २०२५च्या १३व्या आवृत्तीत आय३८६चा इन्स्टॉलर नाही, कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही. पण पॅकेजेस ठेवलीत, तीही ६४ बिट मशीनवर जुनी सॉफ्टवेअर चालावीत म्हणूनच. उबुंटूनं २०१९मध्ये आय३८६ सोडायची घोषणा केली होती. स्टीमवाले बिथरल्यावर काही दिवसांतच माघार घेतली.

खरा उपाय एका ओळीचा. सोर्सेस लिस्टमध्ये (रिपॉझिटरींच्या यादीच्या फाइलमध्ये) त्या रिपॉझिटरीच्या ओळीत 'डेब'नंतर चौकटी कंसात आर्च=एएमडी६४ (म्हणजे फक्त ६४ बिट) लिहा. नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये 'आर्किटेक्चर्स: एएमडी६४' अशी वेगळी ओळ. अपडेट पुन्हा चालवा, सूचना गायब.

आणि ज्यांनी आधीच उखडलंय त्यांनी डीपीकेजीनं आय३८६ परत जोडा, अपडेट करा आणि हिस्टरी लॉगमधली नावं बघून एकेक परत बसवा. ड्रायव्हरची डेब फाइल मात्र बहुधा पुन्हा उतरवावी लागेल.