‘जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा कंडेन्सर बदलू नका’ या मेसेजबद्दल खुलासा

सोलापुरातल्या साउंडवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधला मूळ कंडेन्सर काढला की आवाजही गेला आणि किंमतही.’ ऐकायला छान, पण चूक.

फिल्टर कंडेन्सरच्या, म्हणजे पॉवर सप्लायचा करंट सपाट करणाऱ्या पार्टच्या, आत ओलं रसायन असतं. ते वर्षानुवर्षं सुकत जातं, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्याला हातभारच लावतो. मग स्पीकरमधून घुं-घुं सुरू होतं. असा कंडेन्सर बदलावाच. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, मायक्रोफॅरड (म्हणजे कंडेन्सरची क्षमता) साधारण तेवढेच.

मूळ पार्टचा आग्रह धरायचाच तर आउटपुट ट्रान्झिस्टरपाशी, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पार्टपाशी, धरा. आपला नेहमीचा २एन३०५५ घ्या: ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॉट. जुन्या बनावटीचा हा पार्ट संथ होता. त्याच नंबरचा आजचा पार्ट बहुधा एपिटॅक्सिअल, म्हणजे नव्या पद्धतीने बनवलेला, जास्त वेगवान. काही जुन्या सर्किटमध्ये तो ऑसिलेट होतो, म्हणजे सिग्नल नसतानाही आपोआप थरथरत राहतो, आणि कारण नसताना तापतो. नकली माल तर वेगळाच. एकदा जळालेला पीस मी करवतीने कापला, तर एवढ्या मोठ्या टोपीखाली तांदळाच्या कणीएवढी चिप! छाप मात्र झकास.

खरा पार्ट अजूनही बंद पडलेल्या तशाच सेटमधून निघतो. बसवल्यावर थेट करंट देऊ नका. १०० वॉटचा जुना पिवळा तारेचा बल्ब सेटच्या मेन लाइनला सिरीजमध्ये लावा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर लगेच बंद करा.

आणि हो, काढलेले मूळ कंडेन्सर पिशवीत घालून सेटसोबतच ठेवा. शौकीन गिऱ्हाईक ते मागतं.