अंडं फ्रिजमध्ये आहे, हात लावू नका

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. कोकणात आमच्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. त्यामुळे शनिवारी काम न करणं हे माझ्या रक्तातच आहे. बाकीचे सहा दिवसही आहे असं बायकोचं म्हणणं.

तर गोष्ट 2024 ची. रोश हशाना, म्हणजे आमचं नवीन वर्ष, आमची म्हातारी माणसं ज्याला नव्याचा सण म्हणायची, तो दोन दिवसांचा असतो आणि त्या वर्षी आला 3 आणि 4 ऑक्टोबरला, गुरुवार-शुक्रवार, की लगेच पुढे शब्बाथ उभाच, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंतची सुट्टी. बुधवारी गांधी जयंती. ऑफिसात सगळ्यांना वाटलं मी लोणावळ्याला चाललोय. आणि नेमका त्याच वेळी इस्राएलहून भाचा आला, येशिवात, म्हणजे धर्माच्या शाळेत, शिकणारा, दाढी फुटायच्या आधी नियम फुटलेला. एरवी आमचं आपलं बेताचं असतं हो, मांसात दूध नाही, करीला नारळाचं दूध, शनिवारी गाडी नाही, झालं. पण ह्यावेळी "मामा, यंदा सगळं नीट पाळू या" म्हणाला आणि मामा फशी पडला.

आता सणाला आणि शब्बाथला फरक आहे. शब्बाथला स्वयंपाकच बंद. सणाला मात्र खाण्यापुरतं काम चालतं, तसं तोरातच, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातच, आहे, म्हणजे शिजवता येतं, पण नवीन विस्तव पेटवायचा नाही, आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवरूनच घ्यायचा, आणि पेटलेला विझवायचा नाही. म्हणून बुधवारी सूर्य बुडायच्या आत दोन दिवस पुरेल असा तेलाचा दिवा लावून ठेवला. काडी त्याच्यावर धरायची, गॅस पेटवायचा, आणि मग काडी फुंकायची नाही, तिला स्टीलच्या ताटलीत ठेवून ती स्वतःहून विझेपर्यंत बघत बसायचं. गॅसचं लायटर कपाटात कुलूपबंद, कारण ठिणगी म्हणजे नवीन विस्तव. शेजारच्या काकूंनी दिवा बघितला आणि एकदम खूश, "अय्या, तुमच्याकडे पण घट बसले का?" कारण गुरुवारीच घटस्थापना होती आणि त्यांच्याकडेही नंदादीप. त्यांना काहीच समजवावं लागलं नाही, उलट वात कशी पुढे सारायची ते त्याच आम्हाला सांगायला लागल्या, आणि भाचा म्हणाला की त्याचेही नियम आहेत.

पेटलेला गॅस बंद कसा करायचा? तर काही रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, अशी सूट देतात की चहासाठी भांडं काठोकाठ भरून ठेवा, उकळून उतू गेलं की ज्योत आपोआप विझेल, मग गॅस गळू नये म्हणून बटण फिरवा. म्हणजे बघा, पंचवीस वर्षं उतू गेलेल्या दुधावरून ज्या बाईची बोलणी खाल्ली तीच आता ओट्याशी उभी राहून म्हणतेय, "अहो, अजून थोडं पाणी घाला, उतू जात नाहीये."

पण खरा घोळ अंड्याचा. सणाच्या दिवशी शिजवायचं ते त्याच दिवसासाठी, उद्यासाठी नाही. मग शुक्रवारी शब्बाथचा स्वयंपाक कसा करायचा? त्यासाठी सण लागायच्या आधी, बुधवारीच, एक उकडलेलं अंडं आणि पाव बाजूला ठेवायचा, आशीर्वाद म्हणायचा, ह्याला एरुव तवशिलीन म्हणतात. म्हणजे शब्बाथचा स्वयंपाक बुधवारीच सुरू झाला असं धरायचं, शुक्रवारी फक्त पुढे चालू. (सरकारी कामात मुदत संपायच्या आत फाईलवर एक सही करून ठेवतात ना, तसंच.) बायकोने वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली, वर चिठ्ठी, अंड्याला हात लावू नका.

आता गुरुवारी काय झालं, तर सकाळी चाळीस मिनिटं चालत सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनेला, आमचं 1879 सालचं, टेंभी नाक्याजवळ, आणि नाक्यावर देवीची गर्दी, परत चालत, विजेचं बटणही दाबायचं नाही, मग लिफ्ट कुठली, म्हणून सहा मजले जिना. त्यात बेडरूमची ट्यूबलाईट बुधवारी बंद करायला मीच विसरलो होतो. आता तीन रात्री ती चालू! दुसऱ्याला "बंद करा" असं सांगायचं नाही, फार तर परिस्थिती सांगायची. म्हणून काकूंना म्हटलं, "काकू, आमच्या बेडरूममध्ये फार उजेड आहे हो." तर त्या म्हणाल्या, "पूर्वेकडचा फ्लॅट ना, नशीब काढलंत."

रात्री दोनला डोळ्यावर टॉवेल, पोटात कावळे. उठलो. फ्रिजचा बल्ब आधीच काढून ठेवलेला, त्यामुळे आत मिट्ट काळोख, हाताला गार गुळगुळीत काहीतरी लागलं, मीठही सापडलं. दुसऱ्या घासाच्या आधी पायाला चिठ्ठी लागली.

सकाळी बायको वाटीकडे बघत राहिली. शब्बाथचं जेवण गेलं, कोंबडी तशीच राहणार, आणि घरात मला कोणी वाचवणारं नव्हतं. भाचा वाकला, अर्धं अंडं डोळ्यांनी मापलं आणि म्हणाला, "मामी, ऑलिव्हएवढं उरलं असलं तरी चालतं." मी म्हटलं, बघ, हिशेब करूनच खाल्लं होतं. तिने काही उत्तर दिलं नाही, पण कोंबडी झाली, आणि उरलेलं अर्धं अंडं शनिवारी तिसऱ्या जेवणाला माझ्यासमोर मुद्दाम ताटाच्या मधोमध आलं.

शनिवारी रात्री हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देणारी प्रार्थना, झाली, फोन चालू केला, तर मेसेजचा धबधबा. अभिनंदन, अभिनंदन, मनःपूर्वक अभिनंदन. मला भरून आलं, ऑफिसवाल्यांना आमचं 5785 साल सुरू झाल्याचं कळलं तरी कसं! पटापट सगळ्यांना टाकलं, थँक यू, तुम्हालाही गोड वर्ष जावो. मग वर जाऊन वाचलं, गुरुवारी मराठीला अभिजात दर्जा मिळाला होता.

फोन ठेवला आणि पहिला धावत जाऊन ट्यूबलाईट बंद केली. दोन मिनिटांत दारावर काकू, हातात मेणबत्ती. "अहो, तुमच्याकडचे लाईट गेले का?"