लिश्टनस्टाइनचा फॉरवर्ड आणि भाच्याचे दीड लाख

शनिवारी सकाळी आप्पाकाकांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. "एक असा देश, ज्याच्याकडे विमानतळ नाही, स्वतःचं चलन नाही, भाषा नाही, सैन्य नाही, तरी जगात सर्वांत श्रीमंत!" मग यादी. तुरुंगात फक्त सात कैदी. घरांना कुलूप नाही. कर शून्य, कर्ज शून्य. राजा पगार घेत नाही. लोकांपेक्षा कंपन्या जास्त. आणि शेवटी, "कामाला माणसंच मिळत नाहीत, बाहेरून बोलावून घेतात." खाली जोडलेले हात आणि 'समाधानी वृत्ती हीच खरी श्रीमंती'.

मी काही बोललो नाही. काकांच्या फॉरवर्डना उत्तर द्यायचं नाही हे मी कधीच ठरवून टाकलंय.

रविवारी रात्री सांगलीहून भाच्याचा फोन आला. कुपवाडच्या एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर, म्हणजे धातू कापायच्या संगणकी मशीनवर आहे, सहा वर्षं झाली, हात चांगला आहे. "मामा, तो लिश्टनस्टाइनचा मेसेज खरा आहे का? तिकडे नोकरी लावून देणाऱ्या एजंटनं पण तोच पाठवलाय. फाइलचे दीड लाख म्हणतोय, पन्नास हजार या आठवड्यात." तेव्हा मात्र डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय, आणि काका, हे तुम्हीही वाचा.

सुरुवात शेवटच्या ओळीपासून करतो, कारण पैसे त्या ओळीवर जातायत.

"माणसं मिळत नाहीत, बोलावून घेतात." यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. लिश्टनस्टाइन म्हणजे स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधली १६० चौरस किलोमीटरची पट्टी. लांबी पंचवीसेक किलोमीटर, गावं अकरा, वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. त्यांच्याच सांख्यिकी कार्यालयाचा रोजगाराचा अहवाल दरवर्षी निघतो. जर्मनमध्ये असतो, पण भाषांतराच्या ॲपमधून सहज वाचता येतो. त्यात नोकऱ्या आहेत त्रेचाळीस हजारांच्या घरात. म्हणजे तान्ही बाळं आणि आजीआजोबा धरून जेवढी डोकी, त्याहून नोकऱ्या जास्त. पण त्याच अहवालातली पुढची ओळ एजंट दाखवत नाही: या कामगारांपैकी निम्म्याहून जास्त, साधारण ५६-५७ टक्के, रोज सकाळी शेजारच्या देशातून येतात आणि संध्याकाळी परत जातात.

का परत जातात? तिथं राहायची परवानगी मिळत नाही म्हणून. हा देश १९९५ मध्ये युरोपियन आर्थिक क्षेत्रात गेला, पण माणसांच्या मुक्त वावरावर स्वतःसाठी खास सूट मागून घेऊन. त्या क्षेत्रातल्या नागरिकांसाठी, म्हणजे जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा एकोणतीस देशांच्या लोकांसाठी मिळून, राहण्याचे परवाने वर्षाला किमान ५६ नोकरदारांना आणि १६ बिननोकरीवाल्यांना. आणि त्यातले निम्मे चिठ्ठ्या टाकून! हो, लॉटरी. म्हाडासारखी. म्युनिकचा इंजिनिअर चिठ्ठी निघायची वाट बघतो आणि आमच्या कुपवाडच्या पोराला एजंट देणार 'गॅरंटीड पीआर', म्हणजे कायम राहायचा परवाना. युरोपबाहेरच्यांसाठी दार त्याहून बारीक: विशेष कौशल्याचा माणूस असावा लागतो, आणि तसा तिथं किंवा युरोपात मिळत नाही हे कंपनीला दाखवावं लागतं.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानं मी नदीच्या अलीकडे, स्वित्झर्लंडमधल्या बुक्सला चार दिवस होतो. कामावर भेटलेला माणूस रोज ऱ्हाइन ओलांडून लिश्टनस्टाइनमधल्या शानला जायचा. घर बुक्सला, पगार शानचा, पोरांची शाळा बुक्सला. "तिकडे का राहत नाही?" विचारलं तर हसला फक्त. एका संध्याकाळी फाडुत्सच्या, म्हणजे त्यांच्या राजधानीच्या, जुन्या लाकडी पुलावर गेलो. छप्पर असलेला पूल, आत बोगद्यासारखा अंधार, फळ्यांवर सायकली वाजत होत्या. मधोमध सरहद्दीची खूण, तिथं पोलीस नाही की नाकं नाही. कामं सुटलेली माणसं खूण ओलांडून घरी निघाली होती. वरच्या डोंगरावर किल्ला, त्यात राजेसाहेब.

आता 'जगात सर्वांत श्रीमंत' हा आकडाही याच पुलावरून येतो. दरडोई उत्पन्न म्हणजे शेवटी भागाकार. वर त्रेचाळीस हजार जणांच्या कामाचं उत्पादन, खाली चाळीस हजार रहिवासी. ज्यांनी वरचा आकडा फुगवला त्यातले निम्मे खाली मोजलेच नाहीत. हिंजवडीतल्या कंपन्यांच्या उलाढालीला फक्त गावठाणातल्या डोक्यांनी भागलं तर हिंजवडीसुद्धा दुबईला मागे टाकेल. भागाकार नीट केला तरी देश श्रीमंतच राहतो, ते नाकारत नाही. फक्त ती श्रीमंती कारखान्यांतून आलीय, वृत्तीतून नाही.

कारण समाधानी वृत्ती असताना हे लोक उपाशी होते. एकोणिसाव्या शतकात इथून माणसं अमेरिकेला गेली, मोसमी मजुरीला शेजारच्या देशात गेली. सप्टेंबर १९२७ मध्ये शानच्या रेल्वेपुलाजवळ ऱ्हाइनचा बांध फुटला आणि खालची सगळी शेती पाण्यात गेली. पुढच्याच वर्षी बचत बँकेचा घोटाळा निघाला आणि सरकार गडगडलं. पैसा आला तो नंतर. १९४१ मध्ये शानला दोन भावांनी हिल्टी काढली, तीच ड्रिल मशीनवाली लाल पेटी. कृत्रिम दातांची कंपनी शानचीच. गाड्यांचं स्टीअरिंग एशेनला बनतं. आणि भाच्या, तुझ्या मशीनवर जे सोनेरी एंडमिल कटर लावतोस ना, त्यावरचा तो टायटॅनियम नायट्राइडचा थर जगभर पोचवणाऱ्यांत १९४६ मध्ये बाल्त्सर्स गावात निघालेली कंपनी आहे. तिचं कोटिंगचं काम पुण्यातही चालतं. त्यासाठी दीड लाख भरून जायला लागत नाही.

"तुरुंगात सात कैदी." हा मुद्दा काकांना फार आवडला, वर 'रामराज्य' असं स्वतःचं लिहून पाठवला होता. काका, फाडुत्सच्या तुरुंगात जागाच विसेक आहेत. लांबची शिक्षा झालेले कैदी १९८२ च्या करारानुसार ऑस्ट्रियाच्या तुरुंगात पाठवतात. घरातला पसारा शेजारच्यांकडे ठेवून 'आमचं घर बघा किती स्वच्छ' म्हणण्यातला प्रकार. गुन्हे कमी आहेत, मान्य. चाळीस हजारांच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. पण याच बाल्त्सर्समध्ये २०१४ च्या एप्रिलमध्ये एका बँकेच्या प्रमुखाला इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. कुलूप लावत असतील हो लोक.

विमानतळ, चलन, सैन्य, भाषा एकदाच उरकतो. विमानतळ नाही, कारण पंचवीस किलोमीटरच्या देशात धावपट्टी टाकायची कुठे? झुरिकचा विमानतळ गाडीनं दीडेक तासावर आहे. हेलिपोर्ट आहे. रेल्वे आहे, ती ऑस्ट्रियाची कंपनी चालवते. चलन स्वतःचं नाही, कारण आधी वापरत होते ते ऑस्ट्रियाचं क्रोन पहिल्या महायुद्धानंतर मातीमोल झालं. तोंड पोळलं तेव्हा १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी जकातीचा करार केला आणि पुढच्या वर्षी स्विस फ्रँक घेतला. सैन्य १८६८ मध्ये मोडलं. ऐंशी माणसांचं होतं, ज्या जर्मन संघासाठी ठेवलं तो संघच उरला नव्हता, आणि खर्च परवडत नव्हता. भाषा जर्मन आहे. ऑस्ट्रियाचीही जर्मनच आहे, त्याचा कोणी फॉरवर्ड करत नाही.

"कर शून्य." साफ खोटं. उत्पन्नावर कर आहे, कंपन्यांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आहे, दुकानात वस्तू घेतली की स्वित्झर्लंडच्याच दरानं ८.१ टक्के आहे. कमी आहे म्हणा, शून्य म्हणू नका.

"लोकांपेक्षा कंपन्या जास्त" हे मात्र एकेकाळी खरं होतं, आणि यात अभिमानानं सांगण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही. १९२६ मध्ये त्यांनी कंपन्यांचा असा कायदा केला की वकिलाच्या कचेरीत एक फाइल उघडली की संस्था तयार, आणि खरा मालक कोण ते कागदावर दिसायचं नाही. कितीतरी दशकं युरोपातला करचुकवा पैसा तिथं मुरला. फेब्रुवारी २००८ मध्ये ते फुटलं. एलजीटी या बँकसमूहातल्या माजी कर्मचाऱ्यानं चोरलेली माहिती जर्मन गुप्तचर खात्यानं विकत घेतली होती. तिच्या जोरावर जर्मन टपाल कंपनीच्या प्रमुखाच्या घरी धाड पडली, पाठोपाठ शेकड्यांनी चौकश्या. त्या माहितीत भारतीय नावंही होती. जर्मनीनं ती आपल्या सरकारला दिली, सरकार उघड करेना, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं फटकारलं, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये नावं कोर्टापुढे आली. काका, त्या २०११ साली काळ्या पैशावर तुम्ही ओट्यावर बसून जे तावातावानं बोलत होतात, त्यातला काही पैसा या 'लोकांपेक्षा जास्त' असलेल्या संस्थांमध्ये होता. आता २०१३ पासून भारताशी माहिती देवाणघेवाणीचा करार आहे आणि त्यांनीही बरंच आवरलंय, हेही सांगतो.

आणि एलजीटी कोणाची? राजघराण्याची. म्हणून "राजा पगार घेत नाही." बँक घरची असल्यावर पगार कशाला लागतो? तसा तो राजाही नव्हे, प्रिन्स आहे. घराणं मूळचं तिथलं नाही. पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत जागा मिळावी म्हणून १६९९ आणि १७१२ मध्ये आताच्या देशाचे दोन तुकडे विकत घेतले, १७१९ मध्ये ते जोडून आपलं आडनाव देशाला दिलं, आणि व्हिएन्नात राहिले. तिथं कायमचा राहायला आलेला पहिला प्रिन्स १९३८ मधला! कायद्यावर त्याला नकाराधिकार आहे, २००३ मध्ये सार्वमतानं अधिकार आणखी वाढवून घेतले. २०१२ मध्ये तो नकाराधिकार कमी करायचा प्रस्ताव आला तर ७६ टक्के लोकांनीच फेटाळला. म्हणजे लोकांना चालतंय, आपण कोण बोलणार. बायकांना देशाच्या निवडणुकीत मत १९८४ मध्ये मिळालं. कपिल देवनं वर्ल्ड कप उचलल्यानंतर. ही ओळ फॉरवर्डमध्ये नव्हती.

कर्जाचं विचाराल तर खरं आहे. सरकारी कर्ज जवळपास नाही, गंगाजळी भक्कम आहे. सैन्य नाही, मोठे कैदी ऑस्ट्रियाकडे, नाणं स्विसांचं. खर्चाची बरीच डोकेदुखी शेजाऱ्यांकडे, त्यामुळे जमतं. तरी हिशेब चोख ठेवतात, तेवढं काकांना दिलं.

सोमवारी भाच्याला म्हटलं, एजंटनं दिलेलं ऑफर लेटर पाठव. पीडीएफ आली. वर गरुडाचं चित्र, खाली जांभळा शिक्का. पगार युरोमध्ये. पाचव्या कलमात लिहिलं होतं, 'फाडुत्स इंटरनॅशनल एअरपोर्टवरून हॉस्टेलपर्यंत मोफत पिकअप.' ती ओळ लाल रंगानं गोल करून मी परत पाठवली, सोबत आप्पाकाकांच्या मेसेजमधलं पहिलं वाक्य जोडलं.

अर्ध्या तासानं भाच्याचा मेसेज आला. त्यानं एजंटला विचारलं होतं. एजंट म्हणाला, विमानतळ नवीन झालाय, अजून गूगलवर आलेला नाही.